ओझ्याचा दगड

गगनबावड्याला एस.टी.नं उतरवलं तेव्हा आठ वाजले होते
आणि ऊन आधीच कामावर हजर.
टपरीमागं धाकलू झोरे उभा, खांद्यावर घोंगडं.
मे महिन्यात घोंगडं?
"थंडी आडवतंय, तसं ऊनबी आडवतंय," म्हणाला,
आणि माझ्या पायांकडं बघून हसला:
"ह्या चपला यार्डात शोभत्यात, सायेब.
कातळ तापला की कातडं रडतंय."

गावामागं सडा.
भोकाभोकांचा जांभा दगड,
मध कधीच काढून नेलेल्या पोळ्यासारखा.
लांब पाणी चमकतं. जवळ जावं तर पुढं सरकतं,
उधारीवाल्या गिऱ्हाइकासारखं
नजर चुकवून.

मी मार्केट यार्डात गुळाची वजनं लिहितो.
बावीस वर्षं.
रव्याला हात लावला की किलो कळतो, पाव किलोही.
आमच्या घरचं कुणीतरी ह्याच वाटेनं
गूळ खाली न्यायचं, मीठ वर आणायचं.
नाव कुणाला आठवत नाही.
एवढंच सांगतात, की मान जरा डावीकडं कलायची त्याची,
झोपेतसुद्धा.

मग एकाएकी जमीन संपते.
खाली कोकण, काजूची रानं, कौलांचे ठिपके,
आणि सगळ्याच्या पलीकडं एक पांढुरकी रेघ.
"दर्या?"
"कवा कवा. आज नुसती वाफ हाय."
"तू गेलायस कधी?"
"साठ वर्सं बघतोय की हितनं.
म्हशी कुणाच्या गळ्यात घालू?"

वाट कड्याला घासून उतरते.
एका अंगाला तापलेली भिंत, हात टेकवत नाही.
दुसऱ्या अंगाला काही नाही.
पायाखालचा मुरूम निसटतो, खाली जातो,
त्याचा आवाज बऱ्याच वेळानं येतो, किंवा येतच नाही.
करवंदाच्या जाळीत दोन-चार काळी उरलीत.
एक खाल्लं. चीक ओठाला चिकटला.
पाण्याची बाटली चहासारखी गरम.
मी बोलणं बंद केलं. धाकलूनं आधीच केलं होतं.

अंजनीच्या सावलीत तो थांबला आणि हातानं दाखवलं.
एक दगड. उभा रोवलेला, वरून सपाट,
छातीइतका उंच.
"ओझ्याचा दगड. एकटा गडी आसला,
भारा उतरायला संगट कोन न्हाई,
तर हितं टेकवायचा. परत उचलायलाबी सोपं."

मी पाठीवरची सॅक काढून त्यावर ठेवायला गेलो.
वाकावं लागलं.
दगड माझ्या छातीच्या खालीच संपत होता.
म्हणजे तो माझ्याहून बुटका.
वीतभर तरी.
आमच्या घरात त्याच्याबद्दल ठामपणे सांगता येईल
अशी ही पहिलीच गोष्ट.

दगडाचा माथा मधोमध झिजलाय,
बोट फिरवलं तर गुळगुळीत.
किती किलो, असं मनात आलं. सवय.
वजन लिहायला माझ्याकडं वही नव्हती.

पुढं वाट नाही. गेल्या पावसात दरड आली,
झाडंबिडं घेऊन गेली खाली.
आम्ही कडेला उभे राहून बघितलं
माती अजून लाल, ओरबाडल्यासारखी.
"आता गवंबी हितनं फिरत्यात मागं," धाकलू म्हणाला.

दुपार कलली तसं खालून वारं वर आलं,
दमट, कुणाच्या तरी ओल्या कपड्यांवरून आल्यासारखं.
मी ओठांवरून जीभ फिरवली.
"धाकलू, खारट लागतंय. समुद्राचं वारं!"
"तुझा घाम हाय त्यो," म्हणाला,
आणि सायेबवरून तू वर आला होता
हे दोघांनाही तेव्हाच कळलं.

परतताना सॅक त्यानं घेतली.
मी नको म्हटलं नाही.
चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून
एक पाय अनवाणी, एक पाय यार्डातला,
असा मी सड्यावरून चालत होतो
भरभर, हळू, भरभर,
आणि मान, बघितलं तर,
जराशी डावीकडं.

ऊन होतं त्या बाजूला. उजवीकडं वळवली
तर घोंगड्याची सावली.
वळवली नाही.